३४० रुपयांची नळी, २,४०० रुपयांची मजुरी

वाचकाचे पत्र:

माझी पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी २०१८ सालची आहे. मागच्या महिन्यात ती सिग्नलवर उभी असताना थरथरू लागली आणि मीटरमध्ये इंजिनचा पिवळा दिवा लागला. वीस वर्षांपासून माझ्या गाड्या पाहणाऱ्या मिस्त्रींनी प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली आणि १,२०० रुपये घेतले. दोन दिवसांनी दिवा परत लागला. मग ते म्हणाले, की एअर फ्लो सेन्सर गेला असावा, आठेक हजार लागतील. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मी स्कॅनर असलेल्या एका तरुण मेकॅनिककडे गेलो. त्याने अकरापासून दीड वाजेपर्यंत गाडी अडकवून ठेवली आणि शेवटी एक रबरी नळी बदलली, जिला दहा मिनिटेही लागली नाहीत. बिल असे: नळी ३४०, स्कॅनिंग व तपासणी १,५००, मजुरी ९००. जुनी नळी पिशवीत घालून माझ्याच हातात ठेवली. मी लुबाडला गेलो का? दुसरे असे, की उमरेडला राहणाऱ्या माझ्या बहिणीचा मुलगा दहावीला ६८ टक्के मिळवून आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकला जायचे म्हणतो. जन्मभर हात काळे करण्यात पैसा नाही, असे मी बहिणीला स्पष्ट सांगितले आहे. मुलाची समजूत कशी घालावी? बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

एक निवृत्त कर्मचारी, मानेवाडा, नागपूर

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुम्ही दोन वेगळे प्रश्न विचारले आहेत असे तुम्हाला वाटते, पण पत्र दोनदा वाचल्यावर मला तो एकच प्रश्न दिसतो. पूर्वार्धात मेकॅनिक फार पैसे घेतात अशी तक्रार आहे आणि उत्तरार्धात या धंद्यात पैसा नाही अशी खात्री आहे. एकाच पत्रात ही दोन्ही विधाने सुखाने नांदू शकत नाहीत. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी आयुष्याची बरीच वर्षे आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक म्हणून हीच विद्या शिकवली आहे, त्यामुळे माझे पारडे मेकॅनिककडे थोडे झुकलेले असणार, हे धरूनच पुढचे वाचावे.

तुम्ही लुबाडले गेलेला नाहीत. मात्र त्याची कारणे नीट पाहायला हवीत, कारण या बिलात विचारण्यासारखे एक-दोन मुद्दे आहेत आणि ते तुम्ही विचारलेले नाहीत.

बिलाच्या प्रतीवर कोपऱ्यात पेनाने 'पी०१७१' असे लिहिलेले आहे. बहुधा तुमचे तिकडे लक्ष गेले नसावे. स्टीअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्याला स्कॅनर जोडला, की गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोष अशा आकड्याच्या रूपात दिसतो. पेट्रोल नीट जळण्यासाठी त्याच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. धूर बाहेर नेणाऱ्या पाइपात बसवलेला ऑक्सिजन सेन्सर हे प्रमाण बिघडले का ते सांगत राहतो आणि त्यानुसार संगणक क्षणाक्षणाला पेट्रोल कमी-जास्त करतो. हवा सतत जास्त आढळत राहिली आणि पेट्रोल वाढवता वाढवता दुरुस्तीची मर्यादा आली, की संगणक दिवा लावतो आणि पी०१७१ लिहून ठेवतो. या आकड्याचा अर्थ 'मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे' एवढाच आहे. ते का कमी पडत आहे, हे तो सांगत नाही. पंप कमजोर झालेला असू शकतो, इंजेक्टर चोंदलेला असू शकतो, हवा मोजणारा सेन्सर (तुमच्या मिस्त्रींनी म्हटलेला एअर फ्लो सेन्सर) मळलेला असू शकतो, सेन्सरच्या पुढे कुठेतरी फट पडून न मोजलेली हवा आत शिरत असू शकते, किंवा खुद्द ऑक्सिजन सेन्सरच खोटे सांगत असू शकतो. माझा एक जुना विद्यार्थी हे फार नेमके सांगतो: "सर, स्कॅनर कुठं दुखते ते सांगते, काऊन दुखते ते नाही सांगत."

त्या तरुणाने अकरा वाजल्यानंतर काय केले असेल, हे मी समोर नसतानाही बऱ्यापैकी सांगू शकतो. आकडा वाचायला त्याला दोन मिनिटे लागली असतील. त्यानंतर त्याने इंजिन चालू ठेवून संगणक किती टक्के जादा पेट्रोल देतो आहे ते पाहिले असेल. समजा, गाडी जागेवर चालू असताना ही वाढ २२ टक्के होती आणि इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर नेताच ती ४ टक्क्यांवर आली. जाणत्याला येथेच अर्धे उत्तर मिळते. जागेवर चालू असलेले इंजिन फार थोडी हवा घेते, त्यामुळे बारीक फटीतून चोरून शिरणाऱ्या हवेचा हिस्सा तेव्हा मोठा ठरतो. इंजिन जोरात फिरू लागले, की तीच फट नगण्य होते. गळका नळ रात्रभरात बादली भरतो, अंबाझरी तलावाला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही, तसेच हे आहे. पंप कमजोर असता तर नेमके उलटे झाले असते: जागेवर सगळे ठीक, आणि चढावर किंवा वेगात वाढ चढत गेली असती. म्हणजे एवढ्या एका तपासणीत पंप आणि इंजेक्टर बरेचसे बाजूला झाले.

आता फट शोधायची. यासाठी हवेच्या मार्गात यंत्राने धूर सोडतात आणि तो कुठून बाहेर येतो ते विजेरी घेऊन पाहतात. ही फट दर्शनी भागात नसते. बहुतेक वेळा ती हवेच्या रबरी नळीच्या पोटाला, क्लॅम्पच्या म्हणजे नळी आवळणाऱ्या पट्टीच्या काठाशी असते आणि नळी वाकली तरच उघडते. नागपूरच्या मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा बॉनेटखाली काय होत असेल याची कल्पना करा. सात-आठ उन्हाळे काढलेले रबर काचेसारखे कडक होते. हे सगळे पाहून झाल्यावर नळी बदलायला दहा मिनिटे लागली, हे खरे आहे. त्यानंतर त्याने नोंद पुसली असेल, इंजिन पुन्हा गरम केले असेल आणि टक्केवारी ताळ्यावर आली का हे पाहून मगच गाडी तुमच्या ताब्यात दिली असेल. तुम्ही दहा मिनिटे मोजलीत. बिल अडीच तासांचे आहे.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावरून तुम्ही घाईने पुढे गेलात. आठ हजारांचा सेन्सर बदलावा लागेल असे तुम्हाला सांगण्यात आले होते. तो बदलला असता, तर दोन दिवसांनी दिवा पुन्हा लागला असता आणि नळी तशीच फाटकी राहिली असती. जुन्या मिस्त्रींचा अंदाज मूर्खपणाचा नव्हता, कारण तो सेन्सर मळला तरी हाच आकडा येतो. पण अंदाज तो अंदाज, आणि त्याचे पैसे ग्राहकाला मोजावे लागतात. मी स्वतः ते मोजले आहेत. २०१२ मध्ये माझ्या गाडीचे इंजिन मधूनच बंद पडू लागले. ज्या वर्कशॉपमध्ये गाडी दिली होती, तिथे आकडा वाचून एक सेन्सर बदलला, पुढच्या आठवड्यात दुसरा बदलला आणि माझे नऊ हजार रुपये गेले. दोष निघाला बॅटरीखालच्या गंजलेल्या अर्थच्या वायरीत, जी खरवडून घट्ट करायला सँडपेपरचा एक तुकडा पुरला. विद्यार्थ्यांना रोज शिकवणारा मी, स्वतःच्या गाडीवर मल्टिमीटर लावायचा आळस केला म्हणून फसलो.

आता पैशांचा हिशेब मांडू. पुढचे आकडे कोणा एकाचे नाहीत, एका मध्यम गॅरेजचा नमुना म्हणून ते धरले आहेत. जागेचे भाडे २२,००० रुपये, एका हेल्परचा पगार १४,०००, वीज, इंटरनेट, विमा आणि किरकोळ ९,०००, हत्यारे व स्कॅनरचे हप्ते आणि सॉफ्टवेअरचे नूतनीकरण १५,०००. महिन्याचे झाले ६०,०००. मालक स्वतः २६ दिवस काम करतो, पण आठ तासांतले सगळे तास बिलात लागत नाहीत. काही वेळ सुटे भाग आणण्यात जातो, काही फोनवर, काही न सापडलेल्या दोषामागे. पाच तास लागू धरले, तर महिन्याला १३० तास होतात. म्हणजे स्वतःच्या खिशात एक रुपया पडण्याआधीच त्याला तासाला सुमारे ४६० रुपये मिळायला हवेत. त्याने घरी ५०,००० न्यावेत असे मानले, तर दर तासाला ८४६ रुपये होतो आणि अडीच तासांचे २,११५. तुमच्याकडून तपासणी आणि मजुरी मिळून २,४०० घेतले. २८५ रुपये जास्त म्हणायचे असतील तर म्हणा, पण त्याला लूट म्हणता येणार नाही.

या हिशेबातला एक बारकावा मेकॅनिक मंडळींना फारसा आवडणार नाही. पुष्कळदा 'स्कॅनरच लाखाचा आहे' ही सबब सांगून पैसे मागितले जातात. लाखाचे यंत्र चार वर्षे चालले आणि वर्षाला तीनशे दिवस वापरले गेले, तर त्याचा दिवसाचा खर्च शंभर रुपयेही होत नाही. नूतनीकरणाची रक्कम धरली तरी तो दीडशेच्या आसपास राहतो. म्हणून केवळ आकडा वाचून आणि दिवा विझवून कोणी हजार-दीड हजार मागत असेल, तर ते देऊ नका. तो आकडा वाचणारे साधे उपकरण ऑनलाइन हजार-दोन हजारांत मिळते आणि मोबाइलला जोडता येते. पैसे द्यायचे ते त्या आकड्यानंतरच्या तर्काचे आणि पडताळणीचे.

बाहेरच्या गॅरेजांचा खर्च वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे, जी ग्राहकाला दिसत नाही. नवी चावी जुळवणे, नवा नियंत्रक (गाडीतला छोटा संगणक) बसवून त्याला गाडीची ओळख करून देणे, अशा कामांना कंपनीचे स्वतःचे सॉफ्टवेअर लागते आणि ते बाहेरच्यांना सहजी मिळत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात मिळू न देण्याच्या मुद्द्यावरच. प्रकरण पुढे अपिलात गेले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षअखेरीस पोर्टलही सुरू केले. गॅरेजवाल्याला प्रत्यक्षात अजूनही काही कामांसाठी कंपनीच्या दारात जावे लागते आणि तो फेरा कुठेतरी बिलात उतरतो.

तुमच्या जुन्या मिस्त्रींबद्दल मला आदर आहे आणि त्यांना सोडू नका, असेच मी सांगेन. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, तेव्हापासून कार्ब्युरेटर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारे जुने यांत्रिक साधन, जाईपर्यंतची पिढी कानावर आणि नाकावर गाड्या दुरुस्त करत होती. स्क्रूचा पाव फेरा इकडे-तिकडे करून इंजिनाचा आवाज बसवणारे हात मी पाहिले आहेत आणि ते कसब कुठल्याही पुस्तकातून आलेले नव्हते. क्लच, सस्पेन्शन, ब्रेक, गिअरबॉक्स, इंजिनाची बांधणी यांत ते कसब आजही चालते. पण २००० च्या आसपास इंधनाचे नियंत्रण संगणकाकडे गेले. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ हे नियम लागू झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरच्या प्रत्यक्ष धुराचेही नियम आले. इंजिन, ब्रेक, एअरबॅग, एसी, दरवाजे यांचे नियंत्रक आता दोन वायरींच्या एका जाळ्यावरून एकमेकांशी बोलतात. जुन्या पद्धतीचा टेस्टर बल्ब या वायरींना टोचला, तर नियंत्रक जळू शकतो. एअरबॅगच्या पिवळ्या जोडणीला हात लावण्याआधी बॅटरी काढून काही मिनिटे थांबावे लागते, नाहीतर ती तोंडावर फुटण्याची भीती असते.

हा फरक नागपूरकरांना २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे फार महागात पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने काठ सोडला आणि अंबाझरी लेआउटपासून सीताबर्डीपर्यंत पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात बुडाल्या. चिखल ओसरल्यावर 'सुरू होते का पाहू' म्हणून ज्यांनी चावी फिरवली, त्यांच्यापैकी काहींच्या इंजिनात पाणी दबून कनेक्टिंग रॉड वाकले. ज्या मेकॅनिकांनी शिक्षण घेतले होते, त्यांनी फोनवरच चावीला हात न लावण्याची ताकीद दिली, आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायला लावला आणि मग सीटखालचे एकेक कनेक्टर सोडवून वाळवले. वरवर धुऊन दिलेल्या गाड्या महिन्याभराने परत आल्या, कारण कनेक्टरांच्या पिनांवर हिरवट गंज चढला होता. त्या दिवसांत मी अशा गाड्या पाहायला गेलो होतो. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर कनेक्टर क्रमाने मांडणारी आणि प्रत्येकाशेजारी स्केचपेनने नाव लिहिणारी मुले मला तिथे दिसली. त्यांतली दोन माझ्या वर्गातली होती, याचा अभिमान लपवत नाही.

म्हणजे आपण भाच्यापर्यंत येऊन पोहोचलो.

त्याची समजूत घालण्याआधी त्याच्याशी बोला, एवढी विनंती आहे. त्याला गाड्या आवडतात, की गाड्यांचे व्हिडिओ आवडतात, हे पाहणे आवश्यक आहे. त्याला एक साधा प्रश्न विचारा. बहुतेक गाड्यांत मघाच्या त्या दोन वायरींच्या जाळ्याच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोध (रेझिस्टर) असतो. बॅटरी काढून स्टीअरिंगखालच्या त्या सॉकेटच्या सहाव्या आणि चौदाव्या पिनांत मीटर लावला, तर किती दाखवेल? शाळेत शिकवलेले समांतर जोडणीचे गणित आहे, उत्तर ६० ओहम. मीटरने १२० दाखवले, तर एक टोक तुटलेले आहे. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली शिरून वायरी कुरतडतात, तेव्हा नेमके हेच मोजून दोष पकडतात. उत्तर आले नाही तरी हरकत नाही, पण 'असे का' म्हणून मुलगा पुढे सरसावला, तर त्याला अडवू नका. हात काळे होतील. पण आजच्या मेकॅनिकला पान्याइतकाच मल्टिमीटर हाताळावा लागतो आणि इंग्रजीतल्या वायरिंगच्या आकृत्या वाचाव्या लागतात. वाचनाचा कंटाळा असलेला मुलगा या कामात हेल्परच्या पुढे सरकत नाही, हे मी शेकडो मुलांच्या अनुभवावरून सांगतो.

दहावीनंतर 'मेकॅनिक मोटर व्हेइकल' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. 'मेकॅनिक डिझेल' एका वर्षाचा आहे. घाई नसेल तर पहिलाच घ्यावा, कारण त्यात वीज आणि इलेक्ट्रॉनिक्सला अधिक वेळ मिळतो आणि दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याची वाटही उघडी राहते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा स्वतंत्र ट्रेडही आला आहे. नागपुरात मे २०१७ मध्ये विजेवरच्या टॅक्सींचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा लोकांना ती नवलाई वाटली होती. आज तशा गाड्या प्रत्येक कॉलनीत दिसतात. त्यांच्या नारिंगी वायरींत काही शे व्होल्ट असतात, त्यामुळे तिथे शिक्षणाशिवाय हात घालणे जिवावर बेतू शकते. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतात. श्रद्धानंद पेठेतल्या शासकीय आयटीआयला एकदा त्याला घेऊन जा आणि कार्यशाळा पाहा. वर्कशॉपमध्ये स्कॅनर कपाटात कुलूपबंद आहे की मुलांच्या हातात आहे, एवढे पाहिले तरी संस्थेची पारख होते. शासकीय संस्थेतली फी खाजगीच्या मानाने किरकोळ आहे.

त्यानंतर शिकाऊ उमेदवारी करायलाच हवी. १९६१ च्या कायद्याखाली ती मिळते आणि २०१६ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंतचा वाटा सरकार उचलते. मी तुमच्या बहिणीला गुलाबी चित्र दाखवणार नाही. पहिली तीन-चार वर्षे पगार तोकडा असतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, तापलेल्या इंजिनावर वाकून काम करावे लागते आणि कंबर चाळिशीच्या आतच बोलू लागते. स्वतःची हत्यारे हळूहळू स्वतःच्या पैशांनी जमवावी लागतात. जी मुले चौथ्या-पाचव्या वर्षी दोष शोधण्यात तरबेज होतात, त्यांना मागणी असते आणि जी तेल-फिल्टर बदलण्यातच अडकतात, त्यांना ती नसते. त्या तरुणाने तुमच्याकडून तपासणीचे १,५०० घेतले, ती भाच्याच्या डोळ्यांनी पाहिली तर या कामात आठ-दहा वर्षे काढल्यावर त्याला मिळू शकणारी कमाई आहे.

बिलात विचारण्यासारखे मुद्दे आहेत असे सुरुवातीला म्हटले, ते आता सांगतो. गाडी तपासायला घेताना त्याने तुम्हाला अंदाजे खर्च सांगितलेला दिसत नाही आणि तपासणीचे पैसे वेगळे पडतील हेही सांगितलेले दिसत नाही. ही त्याची चूक आहे. पुढच्या वेळी गाडी सोडण्याआधी विचारा, की तपासणीचे किती, दोष सापडला नाही तर किती, आणि दुरुस्ती तिथेच केली तर तपासणीची रक्कम मजुरीत वळती होते का. अमुक रकमेच्या वर खर्च जाणार असेल तर आधी फोन करा, असे जॉब कार्डवर लिहून घ्या. तुमच्या बिलावर जीएसटी क्रमांक नाही आणि करही लावलेला नाही, ते बरोबर आहे, कारण वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या गॅरेजला नोंदणी सक्तीची नाही. क्रमांक न छापता १८ टक्के कोणी लावले, तर मात्र देऊ नका. बिल हरवू नका. तोच दिवा महिन्याभरात परत लागला, तर पुन्हा तपासणीचे पैसे मागण्याचा त्याला नैतिक अधिकार नाही, आणि वाद फारच वाढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

दिवा पिवळा आणि स्थिर असेल तर गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकू लागला, तर मात्र बाजूला थांबवा, कारण न जळलेले पेट्रोल धुराच्या मार्गातल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळते आणि त्याची किंमत तुमच्या सगळ्या बिलांच्या कितीतरी पट असते. बॅटरीची वायर काढून दिवा घालवण्याचा उपाय कोणी सुचवला, तर ऐकू नका. त्यामुळे दोष जात नाही, त्याची नोंद तेवढी पुसली जाते आणि पुढच्या मेकॅनिकला शून्यापासून सुरुवात करावी लागते. उलट, 'सिग्नलवर उभी असताना थरथरते' असे तुम्ही मला लिहिले, तेच त्याला सकाळी अकरा वाजता सांगितले असते, तर कदाचित अर्धा तास आणि चार-पाचशे रुपये वाचले असते. गरम असताना की थंड, एसी लावल्यावर की बंद, चढावर की सपाटीला, हे चिठ्ठीवर लिहून देणारा ग्राहक मेकॅनिकला फार आवडतो.

राहिली ती पिशवी. जुना भाग परत देणे हा तुम्हाला उर्मटपणा वाटला, असे पत्राच्या सुरावरून दिसते. माझ्या विद्यार्थ्यांना मी तेच शिकवत असे, की बदललेला भाग ग्राहकाच्या हातात द्यायचा, म्हणजे तो खरोखर बदलला हे त्याला कळते. नळी अजून टाकली नसेल, तर येत्या रविवारी भाचा आला की ती बाहेर काढा. ती अंगठ्याने मधोमध वाकवा आणि क्लॅम्पचा वळ उमटलेला असतो त्या टोकाशी, खालच्या बाजूला, भेग कुठे उघडते ते त्याला शोधू द्या.